ठिबक सर

मराठवाड्यातला भूगोलाचा मास्तर हा मुळात उधारीवर संसार करणारा माणूस. समुद्र शिकवायचा, तर तो रात्रभर रेल्वेत बसल्याशिवाय दिसत नाही. बर्फ शिकवायचा, तर तो रसवंतीवरच्या गोणपाटात. नदीचं पात्र दाखवावं म्हणून पोरांना गोदावरीवर न्यावं, तर तिथं पाण्यापेक्षा वाळूचे टिप्पर जास्त. पुस्तकात जे जे म्हणून छापलंय ते ते दुसऱ्यांच्या गावी. बहुतेक मास्तर यावर सोपा तोडगा काढतात. "हे इम्पॉर्टंट आहे, दोन मार्काला पडतं, खाली रेघ मारा," म्हणतात आणि पुढच्या पाठाकडे वळतात.

आमचे सर वळले नाहीत. 'भूजलाचे कार्य' या प्रकरणापाशी ते एकदा थांबले, ते निवृत्त होऊन नांदेडला आमच्या कॉलनीत घर बांधून राहिले तरी तिथंच आहेत. चुनखडीच्या गुहा, छताला लोंबणारे अधोमुखी लवणस्तंभ आणि जमिनीतून वर येणारे ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ. एवढ्या भांडवलावर त्यांनी उभी नोकरी काढली. गंमत म्हणजे या सगळ्या काळात त्यांनी अशी गुहा एकही पाहिलेली नव्हती.

ठिबक सर हे नाव पोरांनी ठेवलं. सर फळ्यावर गुहेचं छत काढायचे आणि त्याखाली खडूनं एकेक थेंब द्यायचे. प्रत्येक थेंबाला तोंडानं "ठिबक" म्हणायचे, मध्ये थांबायचे, आणि मग पुढचा. त्या वर्षी गावोगाव ठिबक सिंचनाच्या अनुदानाचे फॉर्म भरणं चाललं होतं. पोरांना नाव शोधायला लांब जावं लागलं नाही. तास संपायची घंटा व्हायची तेव्हा लवणस्तंभ बोटभर झालेला असायचा आणि मागच्या बाकावरची दोन पोरं झोपलेली.

दिसायला सर साधेच. टेरिकॉटचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि पँटच्या खिशात एक छोटी ड्रॉपरची बाटली. या बाटलीत संडास धुवायचं ॲसिड पाणी घालून पातळ केलेलं असतं. (हे कुणी घरी करू नये. सरांनाही काकूंनी अजून परवानगी दिलेली नाही.) चुनखडीच्या दगडावर याचा थेंब टाकला की फसफसतं. संगमरवरावरही फसफसतं, कारण संगमरवर म्हणजे चुनखडीचाच जमिनीच्या पोटात दाबून-तापवून निघालेला भाऊ. आता हे ज्ञान माणसानं प्रयोगशाळेत वापरावं की नाही? सर ते लग्नात वापरतात. एका मंगल कार्यालयाच्या मालकानं फरशी अस्सल मार्बलची म्हणून भाडं चढवून सांगितलं होतं. अक्षता पडायला अवकाश होता, सरांना चैन पडेना. ते वाकले, स्टेजच्या कडेला एक थेंब सोडला आणि कान लावून बसले. काहीच झालं नाही. "टाइल्स आहेत," सर उभे राहत म्हणाले, तेही माइकजवळ. मुलीच्या बापानं तेवढ्यावर भाड्यातून घसघशीत रक्कम कमी करून घेतली. तेव्हापासून कॉलनीत कुणाचं लग्न ठरलं की कार्यालय बघायला सरांना नेतात. मालक मंडळी त्यांना दारातच ओळखतात.

सरांचा स्वभाव कळायचा, तर त्यांचं काळाचं गणित आधी समजून घ्यावं लागतं. हजाराच्या खालची वर्षं ते मोजत नाहीत. कॉलनीच्या रस्त्याचं खोदकाम दोन वर्षं उघडं पडलंय म्हणून आम्ही निवेदन घेऊन सहीला गेलो, तर म्हणाले, "दोन वर्षं म्हणजे काय हो! एक फूट लवणस्तंभ व्हायला तीन हजार वर्षं जातात." सही केली, पण आमची कीव करत केली. हाच माणूस चहाला पाच मिनिटं उशीर झाला की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो. नांदेड-लातूर बस अहमदपूरला थोडी जास्त थांबली की कंडक्टरला खाली उतरून जाब विचारतो. दुसऱ्याच्या अडचणीला भूगर्भशास्त्राचं घड्याळ आणि स्वतःच्या अडचणीला हातातलं, अशी ही वाटणी आहे. सरांवर कशाला ठपका ठेवा, ती बहुतेकांच्या घरी असते. फक्त बाकीच्यांपाशी तीन हजार वर्षांचा पुरावा नसतो.

तरी रविवारी सकाळी सरांच्या अंगणात कॉलनीची लेकरं जमतात, ती आईबापांनी धाडलेली नसतात. ती स्वतःहून येतात, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. एका रविवारचा प्रयोग मी कंपाउंडच्या भिंतीवरून पाहिला. शेजारच्या आजींच्या चंचीतून पानाचा चुना मागून आणला होता. तो पाण्यात कालवून रात्रभर ठेवला होता, वरचं नितळ पाणी काचेच्या ग्लासात काढलं होतं. ही चुन्याची निवळी. नारळपाणीवाल्याकडून आणलेली नळी त्यात घालून फुंकायचं काम किराणावाल्याच्या बारक्याकडे होतं.

"फुंकायचं. ओढायचं नाही. ओढलं त्याचं तोंड पोळलं," सरांनी दम दिला.

बारक्यानं फुंकलं. निवळी पांढरी झाली. आठवीच्या पुस्तकात प्रयोग इथं संपतो. श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, सिद्ध झालं, वह्या मिटा. पण बारक्याला कुणी थांब म्हटलं नाही. तो फुंकतच राहिला. गाल लाल झाले, कानशिलं लाल झाली, आणि ग्लासातली पांढरी गढूळता हळूहळू उतरून पाणी पुन्हा नितळ दिसायला लागलं.

"सर, दूध पळालं!"

"पळालं नाही बेटा, विरघळलं," सर म्हणाले. इतके खूश ते पेन्शन सुरू झाली तेव्हाही नव्हते. "तू आत्ता काय केलंस ठाव हाय का? तू डोंगर पोखरलास. पांढरं झालं होतं ती चुनखडी. तू गॅस वाढवलास, पाणी जरासं आंबट झालं आणि चुनखडी त्यात विरली. पाऊस हेच करतो. पडता पडता हवेतला गॅस घेतो, पण तो थोडाच. खरा साठा मातीत. तिथं मुळं श्वास सोडतात, किडे सोडतात, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू सोडतात. मातीतल्या हवेत हा गॅस वरच्यापेक्षा कैक पटीनं जास्त. तो पिऊन पाणी खाली दगडाच्या फटीत उतरतं. दगड चुनखडीचा असला की फट रुंदावते. फटीचं भोक, भोकाचं भुयार. पुढं पाणी आणखी खाली उतरलं की भुयार रिकामं राहतं. ती गुहा."

मग त्यांनी तो ग्लास पातेल्यात ओतून गॅसवर ठेवला. पाणी तापलं, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडाला, आणि पुन्हा पांढरं झालं. "गॅस गेला, चुना परत आला. लवणस्तंभ म्हणजे एवढंच. फक्त गुहेत कुणी चूल पेटवत नाही. थेंब छताला येऊन लटकतो, गुहेच्या हवेत गॅस कमी, म्हणून थेंबातला गॅस निसटतो. जाता जाता थेंबाच्या कडेला चुन्याचं कडं ठेवतो. बारीक, बांगडीसारखं. दुसरा थेंब दुसरं कडं. कड्याला कडं लागत नळी होते, आतून पोकळ. ती नळी कधी बुजली की पाणी बाहेरून वाहतं आणि स्तंभ जाड होतो. खाली पडलेला थेंब फुटतो, उरलेला चुना तिथं टाकतो. म्हणून वरचा टोकदार आणि खालचा बोथट. वरून हा, खालून तो, एक दिवस गाठ पडते."

"म्हणजे पाण्याचं बाष्पीभवन झालं ना, सर?" एका हुशार मुलीनं विचारलं.

इथं सरांचा चेहरा बदलला. बाष्पीभवन हा शब्द त्यांच्या वैऱ्यांच्या यादीत पहिला आहे. गाइडात तसं छापलेलं असतं, शिकवणीत तसं सांगतात, एका वर्षी पेपर तपासताना त्यांनी त्यावरून मॉडरेटरशी वाद घातला होता. "गुहेत हवा ओलीचिंब असते," ते म्हणाले. "तिथं टॉवेल वाळत घातला तर आठ दिवस वाळणार नाही, आणि थेंब वाळतो म्हणता? उघड्या तोंडापाशी वाळत असेल थोडा. आत जातो तो गॅस! गॅस!" शेवटचा शब्द इतक्या जोरात आला, की काकू आतून धावत आल्या आणि त्यांनी आधी शेगडी बंद केली. मग पातेल्याला बसलेला पांढरा थर पाहिला. पुढचं संभाषण भूगोलाच्या कक्षेत येत नाही.

सरांची लेक लातूरला दिली आहे, ट्यूशन एरियात. तिथल्या बोअरचं पाणी जड. बादलीला, नळाला, गीझरला पांढरं किटण चढतं. आपण त्याला क्षार म्हणतो आणि चिंच लावून घासतो. सर त्याला वारसा समजतात. एकदा जावई ऑफिसला गेल्यावर त्यांनी गीझर खोलला, कॉइल बाहेर काढली आणि नातवाला हाक मारली. कॉइलवर बोटभर जाडीचा खडबडीत, पांढरा-पिवळा थर होता. "हे बघ, आपल्या घरातली गुहा! जमिनीतून विरघळून आलेला चुना, पाणी तापलं, गॅस गेला, बसला इथं. रोज आंघोळीला तू याच्यातून—"

"आजोबा," नातू पुस्तकातून मान वर न काढता म्हणाला, "केमिस्ट्रीत आहे ते. टेम्पररी हार्डनेस. पण नीटला एवढं डिटेल विचारत नाहीत."

लातूर पॅटर्नपुढं सर तिथल्या तिथं हरले. संध्याकाळी जावयानं नवीन कॉइल आणली. जुनी सरांनी नांदेडला आणली, बसमध्ये मांडीवर ठेवून.

आता कुणी म्हणेल, एवढी हौस आहे तर जवळपासची गुहा का नाही बघितली? अहो, असेल तर बघावी ना. नांदेड-लातूरचा बहुतेक मुलूख काळ्या दगडाचा. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास पृथ्वीच्या पोटातून लाव्हा आला, थरावर थर पसरत गेला, तो आपला बेसाल्ट. तो चुनखडीसारखा विरघळून जात नाही. कुजतो आणि त्याची काळी माती होते. त्या कुजण्यातून सुटलेला चुना शेतात खड्यांच्या रूपानं जमतो. शेतकरी त्याला चुनखडी म्हणतो आणि जमीन विकताना त्याचा उल्लेख टाळतो. बस, एवढीच आपली चुनखडी. लेणी म्हणाल तर माहूरला आहेत, औशाच्या बाजूला खरोशाला आहेत, पण ती छिन्नीची. खरोशाची तर जांभ्या दगडात कोरलेली. शाळेची सहल एकदा खरोशाला गेली होती. मुख्याध्यापकांनी पोरांना रांगेत उभं केलं आणि सरांना म्हणाले, सर, मुलांना गुहेबद्दल दोन शब्द सांगा. सर म्हणाले, "मुलांनो, ही गुहा नाही." आणि दोन शब्दांत संपवलं असतं तर बरं झालं असतं.

चुनखडीचा खरा डोंगरी दगड बघायचा तर किनवटच्या पलीकडे, पैनगंगा ओलांडून वणी-मुकुटबनकडे किंवा पुढं राजुरा-गडचांदूरकडे जावं लागतं. तिथं सिमेंटचे कारखाने आहेत. यावर सरांची स्वतंत्र व्यथा आहे. "ज्याच्या गुहा व्हायच्या त्याचं सिमेंट केलं, आणि सिमेंटचं काय केलं? आपल्या कॉलनीचं गटार. तेही तुंबलेलं."

मध्यंतरी एक घाव वर्मी बसला. त्यांचा जुना विद्यार्थी नगरकडे नोकरीला होता. त्यानं मोबाइलवर फोटो धाडले: पारनेर तालुक्यातलं वडगाव दर्या, दर्याबाई-वेल्हाबाईचं देवस्थान, खोल घळ, आणि घळीच्या कपारीला लोंबणारे लवणस्तंभ. काळ्या दगडात! सरांनी चष्मा पुसून पुसून फोटो पाहिले. इतकी वर्षं "महाराष्ट्राच्या बेसाल्टात हे होणे नाही" असं त्यांनी छातीठोक सांगितलेलं. रागच आला त्यांना बेसाल्टाचा. मग आठवडाभरानं स्वतःच समजूत घातली: विरघळून गुहा व्हायला चुनखडीसारखा दगड लागतो, पण लवणस्तंभाला फक्त चुना वाहून आणणारं पाणी पुरतं. वरच्या मातीतून, भेगाळलेल्या दगडातून चुना घेऊन पाणी झिरपलं, घळीच्या मोकळ्या हवेत आलं, गॅस सुटला, चुना बसला. म्हणजे बातमी आनंदाचीच की. पण पुढचे कित्येक रविवार ते 'महाराष्ट्रात' हा शब्द जपून वापरत होते.

आणि मग देवानं, किंवा खरं सांगायचं तर प्लंबरनं, त्यांच्याकडे पाहिलं. सरांच्या गच्चीवरची टाकी गळायला लागली. पाणी स्लॅबमध्ये मुरलं आणि जिन्याखाली, जिथं गॅसची रिकामी टाकी ठेवतात त्याच्या नेमक्या वर, एक पांढरी नळी उगवली. शिसपेन्सिलीहून बारीक, पोकळ, टोकाला थेंब. सरांनी ती पाहिली त्या दिवशी चहा मागायचं विसरले.

नळीचा सोहळा सुरू झाला. कंपासपेटीतला कर्कटक घेऊन सर रोज तिची लांबी मोजत. भिंतीवर पेन्सिलनं तारखा लिहीत. त्याच भिंतीवर काकू सिलिंडर लावल्याच्या तारखा लिहायच्या, त्यामुळं पुढं दोन्ही हिशेब एकमेकांत गेले आणि एका महिन्यात सिलिंडर चार मिलिमीटरनं वाढल्याची नोंद आहे. पोरं रांगेनं दर्शन घेऊन जात. सर प्रामाणिक माणूस, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "हा खरा नव्हे. इथं उलटा कारभार. सिमेंटमधला चुना पाण्यात सरळ विरघळतो, बाहेर येतो आणि हवेतला गॅस उलट आत ओढून घट्ट होतो. म्हणून हा भराभर वाढतो. खऱ्या गुहेत वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग झाला तरी गंगेत घोडं न्हालं."

"अहो, स्लॅबमधलं लोखंड गंजायलंय," काकू म्हणायच्या. "गवंड्याला बोलवा."

"हात लावू नका. हाताचं तेल लागलं की वाढ खुंटते."

"गवंडी हात नाही, हातोडा लावतो."

अशा वातावरणात बेलमची सहल ठरली. आंध्रातल्या नंद्याल जिल्ह्यात, पूर्वीच्या कर्नूलमध्ये, बेलमच्या गुहा आहेत. रॉबर्ट ब्रूस फूट नावाच्या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञानं १८८४ साली त्यांची नोंद केली. १९८२-८३ मध्ये गेबाउअर या जर्मन गुहा-संशोधकाच्या तुकडीनं त्या आत शिरून नीट मोजल्या. २००२ पासून त्या लोकांना खुल्या झाल्या. लांबी ३,२२९ मीटर, त्यातला दीडेक किलोमीटर आपल्याला चालता येतो. हे सगळं सरांना तोंडपाठ होतं. क्रूझर केली, चार घरची पोरं आणि त्यांना सांभाळायला आम्ही दोघं-तिघं. देगलूर सोडल्यापासून सर बोलायला लागले, ते कर्नूलला ड्रायव्हरनं गाणी मोठ्यानं लावली तेव्हा नाइलाजानं थांबले.

पोचलो तर सपाट रान. दूरवर शेतं, एक मोठा पांढरा बुद्ध, आणि जमिनीत एक खड्डा.

"सर, डोंगर कुठाय?" बारक्यानं विचारलं. बरोबर आहे, फळ्यावर सरांनी नेहमी डोंगर काढला होता. सर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "छत बसलं की खड्डा होतो. त्यातून उतरायचं." पण आवाजात ते फळ्यावरचं बळ नव्हतं.

आत उतरलो आणि दहा पावलांवर सरांच्या चष्म्यावर वाफ धरली. बेलमच्या पोटात गारवा असेल हा आमचा सगळ्यांचा समज. निघालं ते वैशाखातलं स्वयंपाकघर. हवा आत सोडायला सोय केलेली आहे, पण घाम पाठीवरून धार लागल्यासारखा. पिवळ्या दिव्यांत भिंती मात्र अशा, की पाण्यानं तासलेल्या आहेत हे सांगावं लागू नये. गोलाई, कंगोरे, वळणं. गाइड हैदराबादी हिंदीत एकेक आकार दाखवत होता. ये देखो सिंह का मुँह. ये देखो बरगद की जड़ां. कोटिलिंगालु म्हणून एक दालन आहे, तिथं स्तंभांची दाटी. गाइड म्हणाला, करोड़ शिवलिंग.

"मुलांनो, प्रत्येक थेंबात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट—" सर सुरू झाले.

"साब, हाथ जोड़ लो पहले," गाइड म्हणाला.

पोरांनी हात जोडले. सरांनीही जोडले, पण "बाष्पीभवन नाही" हे पुटपुटत. पुढं एका पोरीनं हुशारी केली: हा चुना शंख-शिंपल्यांचा ना, सर? सरांनी तेवढ्यात मान वर केली. हा दगड इतका जुना, की तेव्हा शंख-शिंपल्यांचे प्राणीच नव्हते. चुना समुद्राच्या पाण्यातून साकळत तळाला बसलेला. हे सांगताना ते जरा पहिल्यासारखे दिसले. सप्तस्वर दालनात गाइडनं स्तंभांवर बोट वाजवून सूर काढून दाखवले. पोरांचे हात शिवशिवले आणि सर दोन्ही हात पसरून स्तंभापुढे उभे राहिले. "हात नाही लावायचा!" त्याच वेळी छतावरून एक थेंब त्यांच्या टकलावर पडला.

"सर, हलू नका," बारक्या म्हणाला. "दहा हजार वर्षं थांबलात तर डोक्यावर एक मीटर होतंय."

हिशेब बरोबर होता. शिकवणी वाया गेली नव्हती.

सगळ्यात खाली, शेहेचाळीस मीटर खोलीवर, पाताळगंगा नावाचा झरा आहे. तिथवर गेल्यावर सर काहीतरी बोलतील म्हणून आम्ही सगळे थांबलो. उभा जन्म ज्याची वाट पाहिली ते समोर होतं. सरांनी पाण्याकडे पाहिलं, शर्टानं कपाळ पुसलं आणि गाइडला विचारलं, "वरती चहा किधर मिलता?"

परत आलो तेव्हा जिना लख्ख. काकूंनी वॉटरप्रूफिंग करून, गिलावा देऊन, वर रंगाचा हात मारून घेतला होता. तारखाही गेल्या, सिलिंडरच्या सकट. मला वाटलं आता महाभारत होणार. सर नुसतं "बरं केलंत" म्हणाले, आणि खरी काळजी मला तिथून वाटायला लागली.

कारण सरांचा वर्गच बिघडला. रविवारी लेकरं जमायची आणि सर सांगायचे: पाण्याची बाटली जवळ ठेवा. चप्पल नको, बूट घाला. तिकीट बाहेरच काढा, सुट्टे ठेवा. गर्दीच्या दिवशी जाऊ नका. जी गुहा त्यांनी कधी पाहिली नव्हती तिच्यात अंधार होता, थेंबाचा आवाज होता, लाखो वर्षं होती. पाहिलेल्या गुहेत पार्किंग होतं. पोरं कंटाळली. बारक्या क्रिकेटला जायला लागला. मास्तरानं आपला विषय डोळ्यांनी पाहावा की नाही, यावर शिक्षण खात्यानं एखादी समिती नेमायला हरकत नाही. माझं मत मी देऊन ठेवतो, की पाहू नये.

सरांना वाचवलं मेघालयानं. चेरापुंजीजवळ मावम्लुह नावाची गुहा आहे. तिथल्या एका ऊर्ध्वमुखी लवणस्तंभात ४,२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळाची खूण सापडली आणि २०१८ साली जगातल्या भूगर्भशास्त्रज्ञांनी तेव्हापासून आजपर्यंतच्या काळाला 'मेघालयन' असं नाव दिलं. हे सरांच्या वाचनात आलं आणि त्यांचा शर्ट पुन्हा खडूनं माखायला लागला. "लेकराहो, लवणस्तंभ नुसता दगड नाही, पावसाची वही आहे! ऑक्सिजनचे अणू दोन तऱ्हेचे, हलके आणि जड. पाऊस भरपूर झाला की थेंबात हलके जास्त, पावसानं ओढ दिली की जड जास्त. थेंब वाळला, नव्हे, गॅस सुटला, की ते प्रमाण थरात कायमचं कोंडलं जातं. थर कापायचा, वय काढायचं, आणि वाचायचं." बस्तरच्या दंडक गुहेतल्या स्तंभातही असंच वाचन झालंय. आपल्याकडे १३९६ ते १४०७ असा बारा वर्षांचा दुर्गादेवीचा दुष्काळ सांगतात, त्याच्या आसपासच्या काळात पाऊस खरोखर अडलेला त्या थरांत दिसतो.

लातूरच्या नातवानं हे फोनवर ऐकलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा तो लहान होता, घागर घेऊन आईबरोबर रांगेत उभा राहिलेला. त्यानं विचारलं, "आजोबा, मग आपला दुष्काळपण कुठंतरी लिहिला गेला असेल का?"

"असणार की! कुठंतरी छतातून थेंब उतरायला लागला असेल. एखाद्या केसाएवढा थर." नीटला येतं का, हे नातवानं विचारलं नाही. सरांनी ती गोष्ट कॉलनीत सगळ्यांना सांगितली.

मग व्हायचं तेच झालं. कॉलनीतल्या उत्साही मंडळींनी गुवाहाटीच्या गाड्या बघितल्या, शिलाँगचं हॉटेल बघितलं, माणशी खर्च काढला आणि कागद घेऊन सरांकडे आले. सरांचा चेहरा पडला. रस्ते घाटाचे असतात म्हणाले. गुडघ्याचं कारण काढलं. मंडळी ऐकेनात. शेवटी रविवारच्या पोरांनीच आपसात काहीतरी ठरवलं आणि बारक्याला पुढे केलं.

"सर," तो म्हणाला, "मेघालयला बाकीचे जाऊ द्या. तुम्ही नका जाऊ."

सर लगेच कबूल झाले.